करारातलं आपल्या देशाचं पान: गोव्यातल्या माणसाने ते कसं शोधावं

सत्तरीतल्या एका काजू कारखान्याच्या मालकाने माझ्यापुढे दोन बिलं ठेवली. दोन्ही कच्च्या काजूची, दोन्ही एकाच महिन्यातली, भावातही फारसा फरक नाही. एक माल टांझानियाचा, दुसरा आयव्हरी कोस्टचा. पहिल्यावर आयात शुल्क शून्य, दुसऱ्यावर लागलेलं. "दोनूय आफ्रिकेचेच न्हय?" तो म्हणाला. प्रश्न अगदी रास्त होता.

टांझानिया संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत आहे, आयव्हरी कोस्ट नाही. भारताने २००८ साली अल्पविकसित देशांच्या मालासाठी शुल्कसवलतीची योजना जाहीर केली, तेव्हा आफ्रिकेच्या हिताच्या ज्या वस्तूंची नावं घेतली त्यांत काजू होता. १३ ऑगस्ट २००८ च्या ९६/२००८ या सीमाशुल्क अधिसूचनेत लाभार्थी देशांची यादीच आहे. नाव यादीत असलेल्या देशाचा काजू शुल्काविना येतो. नसलेल्या देशाच्या काजूवर नेहमीचं शुल्क लागतं. ते २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. अडीच टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण कंटेनरमागून कंटेनर आणणाऱ्या कारखान्याचा वर्षाचा नफा तेवढ्यात इकडचा तिकडे होतो.

"भारताचा त्या देशाशी करार आहे का?" असं विचारत लोक माझ्याकडे येतात. काजूवाले येतात, जहाजावर जाणारे तारवटी येतात, लिस्बनला कागद पाठवणारी कुटुंबं येतात. हा प्रश्न अर्धाच आहे. करार सगळ्यांसाठी एकच दिसतो, पण त्यात प्रत्येक देशाचं स्वतःचं एक पान असतं. तिथे कुणी सूट घेतलेली असते, कुणी अट घातलेली असते, कुणी दुसऱ्याला नाकारलेलं असतं. आपलं काम त्या पानावर होतं किंवा अडतं. ते पान शोधायची माझी रीत खाली पायरीपायरीने सांगतो. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. पहिलीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

पायरी १: "देश" म्हणजे नेमका कोणता, ते आधी ठरवा

बहुतेक घोटाळे इथेच होतात, म्हणून हे कागदावर लिहून काढा. करार देशांमध्ये होतो, पण तो तुम्हाला लागू पडतो तो तुमचं एखाद्या देशाशी असलेल्या नात्यामुळे, आणि हे नातं दर करारात वेगळ्या गोष्टीवरून ठरतं.

मालाचा देश म्हणजे तो जिथे पिकला किंवा घडला तो. बिल कुठून फाटलं, पैसे कुठल्या बँकेत गेले, जहाज कुठून सुटलं, यावरून तो ठरत नाही. बुर्किना फासोला समुद्र नाही. तिथला काजू शेजारच्या देशाच्या बंदरातून निघाला तरी तो बुर्किना फासोचाच. मात्र माल थेट आपल्याकडे यायला हवा, वाटेत तो दुसऱ्या बाजारात शिरता कामा नये. भूगोलामुळे दुसऱ्या देशातून जावं लागलं तर त्याचे वाहतुकीचे कागद अखंड असावे लागतात. दुबईच्या व्यापाऱ्याकडून आफ्रिकेचा काजू घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. दुबईचं बिल आहे म्हणून तो माल अमिरातीचा होत नाही, आणि भारत-अमिराती करार त्याच्या उपयोगी पडत नाही.

कराच्या बाबतीत देश ठरतो तो निवासावरून. पासपोर्टचा रंग इथे कामाचा नाही. म्हापशात फ्लॅट असलेला, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन तिथेच स्थायिक झालेला आपला माणूस घ्या. फ्लॅटच्या भाड्यावर दोनदा कर बसू नये म्हणून तो भारत आणि पोर्तुगाल यांच्यातला करार उघडून बसतो, कारण हातात पोर्तुगीज पासपोर्ट. पण दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार त्या त्या देशाच्या कर-निवासींसाठी असतात. तो राहतो आणि कर भरतो इंग्लंडमध्ये, म्हणून त्याने भारत आणि ब्रिटन यांच्यातला करार काढायला हवा. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता कुणी तोंड उघडण्याआधीच मी विचारतो, "तुम्ही कर कुठे भरता?"

जहाजावर काम करणाऱ्याला दोन देश असतात. २००६ चा सागरी श्रम करार भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला आणि वर्षभराने तो आपल्याला लागू झाला. कामाचे तास, विश्रांती, पगार, जहाजावर मिळणारे उपचार, घरी परत पाठवण्याचा खर्च या गोष्टी जहाजाच्या ध्वजाचा देश पाहतो. कंपनी अमेरिकेची, भरती मुंबईची आणि ध्वज बहामाचा असेल, तर या बाबतीत नियम बहामाचे. सामाजिक सुरक्षेची जबाबदारी मात्र त्याच करारात तारवटी नेहमी जिथे राहतो त्या देशावर टाकली आहे. शिवाय प्रत्येक देशाने करार स्वीकारतानाच सांगायचं असतं की सामाजिक सुरक्षेच्या नऊ शाखांपैकी कोणत्या आपण देणार, आणि किमान तीन तरी सांगाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या नावापुढे त्याने निवडलेल्या शाखा दिलेल्या असतात. आपल्या तारवटींपैकी फार थोड्यांनी ते पान उघडलेलं असतं. सासष्टी, बार्देशातल्या प्रत्येक जहाजी कुटुंबाने ते एकदा तरी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

कागदाला, म्हणजे जन्मदाखला, लग्नाचा दाखला किंवा पदवीला, देश असतात ते तो जिथे दिला गेला आणि जिथे वापरायचा आहे ते. त्यावर नाव असलेला माणूस कुठला नागरिक आहे, हे तिथे पाहिलं जात नाही.

तर वहीत पहिली ओळ अशी लिहा: कोण किंवा काय, कुठून कुठे, कोणत्या नात्याने, कोणत्या तारखेला. तारीख का, ते आता येतं.

पायरी २: कागदाची जात आणि त्याचं वय

वर्तमानपत्रात "करार झाला" अशी बातमी येते तेव्हा बहुधा सही झालेली असते. सही म्हणजे साखरपुडा. अंमल सुरू व्हायला दोन्हीकडची घरची मान्यता लागते आणि तिला वेळ लागतो. आइसलँड, लिक्टनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या चार देशांशी भारताचा व्यापार करार १० मार्च २०२४ ला सही झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला. मधले दीड वर्ष तो कागदावर होता, बंदरावर नव्हता. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे भारत आणि पोर्तुगाल यांचा सामाजिक सुरक्षा करार. त्यावर मार्च २०१३ मध्ये सही झाली आणि तो ८ मे २०१७ पासून लागू झाला. चार वर्षांहून जास्त काळ लोक त्याच्याच भरवशावर प्रश्न विचारत होते.

मग जात पाहा. दोन देशांचा करार असेल तर पान सापडणं सोपं. अनेक देशांचा असेल तर त्यात सामील देशांची स्थितीदर्शक यादी असते, तीच आधी उघडा. एकतर्फी सवलत, जशी वर काजूची सांगितली, ही देणाऱ्याची मर्जी असते. तो यादी बदलू शकतो, आणि देश अल्पविकसित गटातून वर सरकला तर सवलतीचा आधारच हलतो. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये त्या गटातून बाहेर पडला, साओ टोमे आणि प्रिन्सिप डिसेंबर २०२४ मध्ये. म्हणून दोन-तीन हंगामांसाठी माल ठरवणाऱ्याने आजची यादी पाहून थांबू नये, कोण बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे तेही पाहावं. सामंजस्य करार, सहकार्य कार्यक्रम आणि शिष्यवृत्त्या ही चौथी जात. त्यांच्याकडे पुढे येतो.

मजकूर मूळ जागीच वाचा. भारताचे करार परराष्ट्र मंत्रालयाच्या करार-संग्रहात मिळतात, बहुपक्षीय करार संयुक्त राष्ट्रांच्या संग्रहात. कागदपत्रं, कुटुंब अशा विषयांवरचे करार करणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या करारांसाठी त्यांचंच संकेतस्थळ, व्यापार करारांसाठी वाणिज्य मंत्रालय. व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ बहुतेक वेळा मसुदा असते किंवा तिची शेवटची पानं गळालेली असतात. आणि कामाची पानं नेमकी शेवटचीच.

पायरी ३: मागून पुढे वाचा

करार पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर मैत्री, समृद्धी आणि परस्पर आदर यांतच दुपार जाईल. मी आधी व्याख्यांचं कलम वाचतो, मग थेट शेवटाला जातो. देशापुरत्या तरतुदी लपायच्या जागा ठरलेल्या आहेत.

सर्वांत मोठी जागा शुल्काच्या तक्त्यांची. वर सांगितलेला चार युरोपीय देशांचा करार नावाला एक आहे, पण त्यांच्याकडचे शुल्काचे तक्ते तीन: आइसलँडचा, नॉर्वेचा आणि स्वित्झर्लंडचा. लिक्टनस्टाइन स्वित्झर्लंडच्या सीमाशुल्क संघात असल्यामुळे त्याचा वेगळा तक्ता लागत नाही. कोकमाचं सरबत, काजूगर किंवा मासळी पाठवणाऱ्याने "युरोपातल्या त्या चार देशांत सवलत आहे" एवढ्यावर थांबलं तर तो फसेल, कारण नॉर्वेत जे लागू आहे ते स्वित्झर्लंडमध्ये असेलच असं नाही. आग्नेय आशियाच्या दहा देशांशी असलेल्या करारातही असाच खाचखळगा आहे. भारताने १ जून २०११ च्या ४६/२०११ अधिसूचनेत फिलिपिन्ससाठी शुल्काचा वेगळा स्तंभ ठेवला. तक्ता वाचताना बोट एक स्तंभ चुकलं की हिशेब चुकला.

तक्ता वाचण्यासाठी वस्तूचा संकेतांक हवा. काजूचा ०८०१, त्यात कवचासह ०८०१३१ आणि गर ०८०१३२. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे आपापल्या देशाचे. दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवून आठव्या अंकापर्यंत ताडून पाहायला गेलात तर गोंधळ होईल, सहाव्यालाच थांबा.

दुसरी जागा प्रोटोकॉलची. करविषयक करारात मुख्य मजकूर संपला, सह्या झाल्या, की खाली प्रोटोकॉल सुरू होतो, आणि पुष्कळांना वाटतं ते शिष्टाचाराचं काही असेल. प्रत्यक्षात त्या दोन देशांनी आपसात ठरवलेले अपवाद तिथेच असतात. "पुढे तिसऱ्या देशाला जास्त सवलत दिली तर आम्हालाही" असं सांगणारं कलम बहुधा प्रोटोकॉलमध्येच सापडतं. त्या कलमाचं पुढे काय झालं ते पाचव्या पायरीत सांगतो, कारण त्याने अनेकांचे हिशेब उलटवले.

तिसरी जागा मंत्र्यांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांची. ही पत्रं कराराचा भाग असतात की नाही, ते करारातच लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा.

आणि भूप्रदेशाची व्याख्या. गोव्याला हिचा विसर पडून चालणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा प्रदेश एका देशाच्या करारांखाली होता, त्यानंतर दुसऱ्याच्या. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव आणि दादरा नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात मान्य केलं. जुने जन्म, लग्न, मालमत्तेचे कागद हातात घेतलेत की कागदाची तारीख या दोन तारखांच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. आजोबांचा १९४८ चा दाखला आणि नातवाचा १९९२ चा, दोन्ही आज पणजीतून मिळत असले तरी त्यांच्यामागे दोन वेगळ्या राज्यव्यवस्था आहेत, आणि परदेशातली कचेरी तो फरक विचारते.

पायरी ४: कोण काय मान्य करायला तयार नव्हतं

बहुपक्षीय करारात सामील होताना देश सांगू शकतो की अमुक कलम मला बांधील नाही, किंवा मी त्याचा अर्थ असा घेतो. पहिल्याला रिझर्वेशन म्हणतात, मी मराठीत त्याला राखीव अट म्हणतो. दुसरी घोषणा. आणि तिसरी गोष्ट हरकत, म्हणजे एका देशाने दुसऱ्याच्या सामील होण्यावर किंवा त्याच्या अटीवर घेतलेला आक्षेप. ही तिन्ही पानं मूळ मजकुरात नसतात. ती स्थितीदर्शक यादीत, देशाच्या नावापुढे, बारीक अक्षरात असतात.

याचं गोव्याशी थेट भिडणारं उदाहरण स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या कराराचं. भारताने तो ९ जुलै १९९३ ला स्वीकारला, पण लग्नाच्या सक्तीच्या नोंदणीबद्दलच्या १६(२) या कलमावर घोषणा केली: तत्त्व आम्हाला मान्य आहे, पण एवढ्या विशाल देशात, एवढ्या चालीरीती, धर्म आणि साक्षरतेचे स्तर असताना ते व्यवहारात आणणं शक्य नाही. ही घोषणा संपूर्ण भारताच्या नावावर आहे. आणि त्याच भारतात गोव्यातली जोडपी पोर्तुगीज काळापासून नोंदणी कार्यालयात जाऊन पहिली सही, दुसरी सही करत आली आहेत. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि वाचताना खंतही वाटते. परदेशातल्या एखाद्या अधिकाऱ्याने ती घोषणा वाचून "भारतात लग्नाची नोंद सक्तीची नाही" असं धरलं, तर गोव्यातल्या बाईने सांगावं की देशाची घोषणा देशाची हमी किती ते सांगते, राज्यात प्रत्यक्ष कायदा काय आहे ते सांगत नाही. सोबत नोंदणीचा दाखला जोडावा. देशाचं पान वाचायचं, पण आपल्या राज्याचं पान त्याच्याहून पुढचं असू शकतं, हेही ध्यानात ठेवायचं.

आता अपोस्टिल. गोव्यात हा शब्द माहीत नाही असं घर आता क्वचितच. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार एका देशाच्या सार्वजनिक कागदावर एक ठरावीक प्रमाणपत्र लागलं की दुसरा सदस्य देश तो वकिलातीच्या शिक्क्याविना मानतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, पोर्तुगालमध्ये १९६९ पासून. लिस्बनच्या कामाला म्हणून ते चालतं. पण कराराच्या १२ व्या कलमानुसार नवा देश सामील होतो तेव्हा जुने देश सहा महिन्यांत हरकत घेऊ शकतात, आणि हरकत घेतली तर त्या दोघांपुरता करार लागूच होत नाही. जर्मनीने भारताच्या बाबतीत अशी हरकत घेतली आहे. दोन्ही देश सदस्य, पण एकमेकांत अपोस्टिल नाही.

फोंड्याची एक मुलगी नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. एजंटने तिच्या सगळ्या कागदांना अपोस्टिल करून दिलं, पैसे घेतले, "जगभर चालतं" म्हणून सांगितलं. तिथल्या कचेरीने त्याकडे पाहिलंही नाही, पडताळणीची वेगळी प्रक्रिया सुरू करायला लावली, आणि तिची रुजू व्हायची तारीख गेली. हरकतींचा स्तंभ हेगच्या परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट दिसतो. तो एजंटने पाहायला हवा होता. तुम्ही एजंटवर सोडू नका.

आखातात जाणाऱ्यांनी तर देशागणिक पाहावं. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया या करारात आहेत, सौदी डिसेंबर २०२२ पासून. अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी वकिलातीचं साक्षांकन करून घ्यावं लागतं. शेजारी शेजारी देश, एकाच विमानतळावरून जाणारी माणसं, आणि कागदाचा रस्ता वेगळा. कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आत आला, म्हणजे त्याआधी गेलेल्या चुलतभावाने केलं तसंच आता करायला गेलात तर जास्तीचे पैसे जातील.

पायरी ५: करार झाला, आपल्या कायद्यात आला का?

भारतात सरकारने केलेला करार आपोआप कोर्टात चालणारा कायदा होत नाही. संसदेला राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाने करारासाठी कायदा करायचा अधिकार आहे, आणि कर किंवा शुल्काच्या बाबतीत अधिसूचना लागते. तिसऱ्या पायरीत प्रोटोकॉलमधल्या "आम्हालाही तेच द्या" या कलमाचं सांगितलं, ते इथे आडवं आलं. फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड यांच्याशी असलेल्या करारांवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९ ऑक्टोबर २०२३ ला नेस्ले प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की प्रोटोकॉलमध्ये असं कलम असलं तरी वेगळी अधिसूचना निघाल्याशिवाय सवलत मिळणार नाही. स्वित्झर्लंडने मग १ जानेवारी २०२५ पासून आपल्या बाजूनेही त्या कलमाचा अंमल थांबवला. म्हणजे करार तोच, त्यातलं वाक्य तेच, आणि उपयोग संपला.

व्यवहारात एवढं धरा. माल आत आणताना भारताची अधिसूचना हा तुमचा कायदा. माल बाहेर पाठवताना समोरच्या देशाचा कायदा महत्त्वाचा, आपली अधिसूचना तिथे कुणी विचारणार नाही.

पायरी ६: पुरावा

करार तुमच्या बाजूने असला तरी तो मागावा लागतो, आणि मागताना पुरावा द्यावा लागतो. मालाला उगमाचा दाखला. करासाठी ज्या देशात राहता तिथलं कर-निवासी प्रमाणपत्र. गोव्यातल्या नवरा-बायकोच्या उत्पन्नाची, पगार सोडून, आपल्या नागरी कायद्यामुळे आयकरात निम्मी निम्मी विभागणी होते, तेव्हा दोघांचे कागद वेगवेगळे तयार ठेवा आणि चार्टर्ड अकाउंटंटला हे पहिल्याच भेटीत सांगा. बाहेरच्या देशाला, आणि कधी कधी बाहेरच्या राज्यातल्या सल्लागारालाही, ही गोष्ट माहीत नसते.

सामाजिक सुरक्षेच्या करारात भारतातल्या कंपनीने काही काळासाठी परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधी संघटना संरक्षणाचा दाखला देते, म्हणजे तिकडे पुन्हा वर्गणी कापली जात नाही. पण आपल्याकडची बहुसंख्य माणसं स्वतःच्या हिमतीवर पोर्तुगालला जाऊन तिथल्या मालकाकडे लागतात. त्यांना हा दाखला मिळत नाही. त्यांच्या कामाचं कलम दुसरं आहे, दोन्ही देशांतली वर्गणीची वर्षं पेन्शनची पात्रता ठरवताना एकत्र धरण्याचं. त्यासाठी इथल्या नोकरीच्या काळातला भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक जपा. तो जपावा लागतो हे वीस वर्षांनी कळून उपयोग नाही.

व्यापार कराराखाली सवलत घेऊन माल आणणाऱ्यावर सप्टेंबर २०२० पासून जास्त जबाबदारी आहे. नुसता उगमाचा दाखला पुरत नाही. माल त्या देशाचा कसा ठरला ही माहिती आयातदाराकडे असायला हवी, आणि ती पाच वर्षं सांभाळायला हवी. पुरवठादाराकडे ती करार करतानाच मागा. माल बंदरात पडून असताना मागितली तर तो उत्तर देईलच असं नाही.

पायरी ७: सहकार्य कार्यक्रमांतला देश

इथे वाचण्याची रीत थोडी बदलते. कार्यक्रमात दोन वेगळे प्रश्न असतात: भाग घेता येतो का, आणि पैसे मिळतात का. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा गोवा विद्यापीठात संशोधन करणाऱ्या कुणालाही विचारा. युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ च्या होरायझन युरोप या संशोधन-निधीच्या कार्यक्रमात भारतीय संस्था भाग घेऊ शकतात, पण युरोपीय निधीला आपोआप पात्र असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. आपल्याहून गरीब पुष्कळ देश त्या यादीत आहेत. त्यामुळे निधी हवा असेल तर प्रस्ताव मागवणाऱ्या त्या विशिष्ट आवाहनाच्या मजकुरात भारताला सूट आहे का ते पाहायचं, किंवा आपल्याच केंद्रीय विज्ञान खात्यांची सहनिधी योजना त्या विषयाला आहे का ते शोधायचं. प्रस्ताव लिहायला घेण्याआधी हे करा. तीन महिने लिहून झाल्यावर निधीचा रकाना भरताना हे उमगलेल्या तरुण संशोधकांचे चेहरे मी पाहिले आहेत.

विद्यार्थ्यांसाठी इरॅस्मस मुंडसच्या संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्त्या भारतीयांना खुल्या आहेत. तिथे देशापुरतं पाहायचं ते हे की प्रत्येक अभ्यासक्रमाचा गट आपली अट वेगळी लावतो, आणि व्हिसा तीन देशांचे लागू शकतात.

कधी कधी देशाचं पान आपल्या बाजूने अनपेक्षित उदार असतं. वास्कोला हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं हिमाद्री हे केंद्र २००८ पासून आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर चालतं. ९ फेब्रुवारी १९२० च्या स्वालबार्ड करारात सदस्य देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क आहेत, आणि ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारत त्यात पहिल्यापासून आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका नावावर आजचे शास्त्रज्ञ तिथे जातात. गोव्यातल्या शाळांनी हे मुलांना दाखवावं.

सगळ्या पायऱ्या एका बाटलीवर: फेणी ऑस्ट्रेलियाला

डिचोलीचा एक भाटीवाला, म्हणजे फेणी गाळणारा, आपली फेणी ऑस्ट्रेलियाला पाठवू इच्छित होता. आम्ही वहीत लिहिलं: काजूची फेणी, गोव्यातल्या बोंडूंच्या (काजूच्या फळांच्या) रसाची, भारतातून ऑस्ट्रेलियाला, उगमाच्या नात्याने.

देश सोपा निघाला. बोंडू इथले, गाळप इथलं, म्हणजे माल पूर्णपणे भारतातच निपजलेला. रसात बाहेरचं काही घातलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता. करार भारत आणि ऑस्ट्रेलियाचा, २ एप्रिल २०२२ ची सही, २९ डिसेंबर २०२२ पासून लागू. ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात २२०८ हे मद्यार्कांचं शीर्षक, म्हणजे संकेतांकाचे पहिले चार अंक, काढलं. ऑस्ट्रेलियाने भारतीय मालावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने काढलं आणि १ जानेवारी २०२६ पासून ते सगळ्याच ओळींवर शून्य आहे.

तो खूश झाला. मी त्याला थांबवलं, कारण करार सीमाशुल्काचा आहे. ऑस्ट्रेलियात मद्यार्कावर तिथल्या उत्पादकांना जो अबकारी कर लागतो, त्याच्या बरोबरीचा कर बाहेरून आलेल्या मद्यालाही लागतो, आणि कोणत्याही व्यापार कराराने तो जात नाही. बाटलीच्या किमतीतला मोठा हिस्सा तोच. दर ठरवताना शून्य शुल्क हा आकडा धरून चालला असता तर पहिल्याच खेपेत तोटा होता.

नंतर नावाचा प्रश्न. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते भारतातलं. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात वाइन आणि मद्यार्कांच्या भौगोलिक नावांना २३ व्या कलमाने जास्तीचं संरक्षण दिलं आहे, आणि फेणी मद्यार्कात येते. त्याच कराराचं २४(९) हे कलम सांगतं की जे नाव मूळ देशातच संरक्षित नाही ते इतरांनी जपायची गरज नाही. म्हणजे २००९ ची नोंदणी हा पाया झाला. पण प्रत्येक देश संरक्षण देतो ते आपल्या कायद्याच्या वाटेने, तिथे अर्ज करावा लागतो किंवा तिथला मार्ग धरावा लागतो. इथलं मानांकन आपोआप तिथे पोचत नाही. एकट्या भाटीवाल्याला हे परवडणारं काम नाही, ते उत्पादकांनी एकत्र येऊन आणि सरकारने पाठीशी राहून करायचं आहे. मी हे प्रत्येक बैठकीत बोलतो.

शेवटी पुरावा: वाणिज्य मंत्रालयाच्या पोर्टलवरून या कराराच्या नमुन्यातला उगमाचा दाखला, बोंडूंच्या खरेदीची नोंद, भाटीची हंगामी नोंदवही आणि अबकारी खात्याची परवानगी. नोंदवही तो पेन्सिलने ठेवत होता. पुढच्या हंगामापासून शाईने ठेवायचं ठरलं, आणि पहिल्या पानावर आम्ही कराराची तारीख, शीर्षक क्रमांक आणि तक्ता ज्या दिवशी पाहिला तो दिवस लिहिला.